अधीक्षकाची सही : औषधचाचण्यांमागील वर्गवास्तव

नवे औषध वा नवी लस सर्वसामान्यांच्या वापरात येण्यापूर्वी तिची माणसावर चाचणी घ्यावीच लागते, याबद्दल शास्त्रीय दृष्टी मानणाऱ्या कोणाचेही दुमत असू शकत नाही. प्रयोगशाळेतील उंदीर आणि सशांवरून माणसाबद्दल जेवढे कळते त्याला मर्यादा असतात. शेवटी कोणीतरी पहिली मात्रा घ्यावी लागते. वाद आहे तो दुसऱ्याच प्रश्नावर. पहिली मात्रा घेणारा हा ‘कोणीतरी’ कोण असतो? त्याला कोण निवडतो, त्याच्या वतीने कागदावर सही कोण करतो, आणि तो दगावला तर त्याचा मृत्यू औषधामुळे झाला की नाही हे कोण ठरवतो? औषध-उद्योगाचे प्रवक्ते पहिल्या मुद्द्यावर तासन् तास बोलतात आणि या प्रश्नांपाशी आले की विज्ञानाची ढाल पुढे करतात. चाचण्यांतील गैरप्रकारांवर बोट ठेवणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी विज्ञानाचा शत्रू, प्रगतीच्या मार्गातील धोंड आणि परदेशी गुंतवणूक पळवून लावणारा असतो. या आरोपाला आकडे आणि नोंदी यांनीच उत्तर दिले पाहिजे.

अविभक्त आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. त्याची कागदपत्रे खुद्द संसदेच्या दफ्तरी आहेत, म्हणून हे ‘कम्युनिस्टांचे कुभांड’ आहे असे म्हणण्याची सोय कोणाला उरत नाही.

२००९ च्या जुलै महिन्यात खम्मम जिल्ह्यातील भद्राचलम्, कोत्तागुडेम आणि तिरुमलायपालेम या तीन मंडलांत, आणि त्यापाठोपाठ ऑगस्टमध्ये गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात, १० ते १४ वर्षे वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूविरुद्धची लस टोचण्यास प्रारंभ झाला. खम्मममध्ये सुमारे १४,००० मुलींना अमेरिकेतील मर्क कंपनीची ‘गार्डासिल’ आणि वडोदऱ्यात सुमारे १०,००० मुलींना ब्रिटनच्या ग्लॅक्सो-स्मिथक्लाइनची ‘सर्व्हारिक्स’. उपक्रम ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेचा, पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स यांच्या प्रतिष्ठानाचा, लस कंपन्यांनी फुकट दिलेली, आणि प्रतिष्ठेची मोहोर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची, जिने २००७ च्या फेब्रुवारीतच ‘पाथ’शी करार केलेला होता. राज्य सरकारांनी आपली शाळा, आपल्या परिचारिका आणि आपला शिक्का वापरायला दिला. गावातील आईबापांना ही सरकारी लसीकरण मोहीमच वाटली तर त्यात नवल काय?

भद्राचलमच्या परिसरात मुली मोठ्या संख्येने आदिवासी कुटुंबांतल्या, आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहणाऱ्या. आईबाप दूर पाड्यावर. अशा मुलींची संमती कशी घेतली गेली? संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये सादर केलेल्या ७२ व्या अहवालात तो हिशेब आहे. आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठ्याचे ठसे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. गुजरातेतील ६,२१७ पत्रांपैकी ३,९४४ वर अंगठे. ज्या अधीक्षकाची नोकरी सरकारी हुकुमावर अवलंबून, तोच अधीक्षक शेकडो मुलींचा पालक बनून एका परदेशी संस्थेच्या कागदावर सही करतो! संमती ही व्यक्तीची असते, ती प्रशासकीय उतरंडीवरून खाली पाठवता येत नाही, हे कळण्यासाठी वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही.

मार्च २०१० मध्ये ‘समा’ या दिल्लीच्या महिला-आरोग्य गटाच्या कार्यकर्त्या भद्राचलमला जाऊन मुलींना आणि पालकांना भेटल्या. लस कशावरची, तिचे दुष्परिणाम कोणते, ती नाकारता येते का, यांपैकी फारसे काही कोणाला सांगितलेले नव्हते. डाव्या खासदार वृंदा करात यांनी आणि महिला संघटनांनी प्रश्न लावून धरला, आणि एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारला उपक्रम थांबवावा लागला. तोवर सात मुलींचे मृत्यू नोंदले गेले होते : आंध्रात पाच, गुजरातेत दोन.

इथे आपण स्वतःशी प्रामाणिक असले पाहिजे. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीच्या २०११ च्या निष्कर्षानुसार या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसून आला नाही. पाण्यात बुडणे, सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, ताप अशी कारणे पुढे आली. त्यानंतरच्या वर्षांत जगभर या लसीच्या कोट्यवधी मात्रा दिल्या गेल्या असून ती सुरक्षित व परिणामकारक असल्याचा पुरावा भक्कम आहे. तेव्हा ‘लसीने सात मुली मारल्या’ अशी घोषणा देणे हे असत्य तर आहेच, शिवाय ते आपल्याच वर्गाच्या स्त्रियांचे नुकसान करणारे आहे. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात या कर्करोगाने सुमारे ७७,००० स्त्रिया दगावल्या, आणि त्या बव्हंशी गरीब घरांतल्या. ही लस आपल्या मुलींना हवी आहे, फुकट हवी आहे आणि सरकारी दवाखान्यात हवी आहे.

पण उद्योगाचे वकील चौकशी समितीच्या या निष्कर्षावरून जी उडी मारतात ती मान्य करता येत नाही. ते म्हणतात : मृत्यू लसीमुळे झाले नाहीत, सबब आक्षेप निकालात निघाला. मुळीच नाही. मृत्यू लसीमुळे झाले नाहीत हे *नंतर*, बाहेरच्या लोकांनी आरडाओरडा केल्यावर, मागाहून तपासावे लागले. चाचणीचा सगळा अर्थच हा असतो की टोचल्यानंतर काय घडते ते त्याच वेळी, काटेकोरपणे, स्वतंत्र डोळ्यांनी नोंदले जावे. खम्मममध्ये अनिष्ट परिणामांची नोंद घेण्याची धड यंत्रणा नव्हती आणि सहभागी मुलींसाठी विम्याची तरतूद नव्हती, हे चौकशीतच उघड झाले. ज्या ठिकाणी मोजण्याची व्यवस्थाच नाही त्या ठिकाणी ‘काही आढळले नाही’ या वाक्याला कितपत अर्थ उरतो?

आणि एवढी ढिलाई शक्य कशी झाली? एका शब्दामुळे. या उपक्रमाला ‘चाचणी’ म्हटलेच नव्हते. त्याला ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ आणि ‘निरीक्षणात्मक अभ्यास’ अशी नावे दिली होती. चाचणी म्हटली की औषध नियंत्रकाची परवानगी, नुकसानभरपाई, मृत्यूची तात्काळ खबर हे सारे आले; प्रात्यक्षिक म्हटले की फक्त सदिच्छा आली. संसदीय समितीने हा शब्दच्छल उघडा पाडला आणि या साऱ्या खटाटोपामागचा हेतू ही लस सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात शिरवून उत्पादक कंपन्यांना कायमची हक्काची बाजारपेठ मिळवून देणे हाच होता, असा स्पष्ट ठपका ठेवला. त्या समितीत सर्व पक्षांचे सदस्य होते, ही गोष्ट आपल्या टीकाकारांनी ध्यानात ठेवावी.

या दोन कंपन्यांच्या शब्दावर विसंबून राहावे असा त्यांचा पूर्वेतिहास तरी आहे काय? मर्कला २००४ मध्ये ‘व्हायॉक्स’ हे सांधेदुखीचे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे जगभरातून मागे घ्यावे लागले आणि २००७ मध्ये हजारो दावे मिटवण्यासाठी तिने ४८५ कोटी डॉलर मोजण्याचे कबूल केले. ग्लॅक्सोने २०१२ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून ३०० कोटी डॉलरचा दंड व तडजोड मान्य केली; त्या गुन्ह्यांत मधुमेहावरील ‘अव्हांडिया’ औषधाच्या सुरक्षिततेविषयीची माहिती सरकारी यंत्रणेला न कळवणे हाही एक होता. वॉशिंग्टनच्या नियंत्रकांपासून जे लपवू शकतात ते भद्राचलमच्या परिचारिकेला सगळे सांगतील अशी अपेक्षा भाबड्यांनीच करावी.

औषधाची सुरक्षितता ठरते तरी कशी, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतलेले बरे, कारण समोरचा पक्ष आपल्या अज्ञानावरच निर्धास्त असतो. पहिल्या टप्प्यात काही मोजक्या निरोगी माणसांना औषध देऊन शरीर ते कितपत सोसते हे पाहतात. दुसऱ्यात शेकडो माणसांवर मात्रा आणि परिणाम तपासतात. तिसऱ्यात हजारो लोकांची चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी करून एका गटाला औषध व दुसऱ्याला निष्क्रिय द्रव्य अथवा प्रचलित उपचार देतात, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णाला व डॉक्टरला दोघांनाही कळू देत नाहीत. त्यानंतर औषध बाजारात आल्यावर चौथा टप्पा, म्हणजे पाळत. ही पाळत शोभेची नाही. साधे गणित आहे : ३,००० माणसांना औषध दिले आणि एकालाही विशिष्ट इजा झाली नाही, तरी ती इजा हजारात एकाला होत असण्याची शक्यता खात्रीने नाकारता येत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली रोटाव्हायरसची ‘रोटाशील्ड’ लस आतड्यात आतडे अडकण्याच्या एका विरळ विकाराशी संबंधित असल्याचे कळले ते ती हजारो बालकांना दिल्यानंतर, आणि १९९९ मध्ये ती मागे घेतली गेली. तेथे पाळत होती म्हणून कळले.

आता या गणितात भूक घाला, म्हणजे काय होते ते पाहा. जेनेरिक औषधे मूळ औषधाइतकीच शरीरात शोषली जातात का, हे तपासण्यासाठी निरोगी माणसांना पैसे देऊन काही दिवस केंद्रात ठेवतात आणि त्यांच्या रक्ताचे नमुने घेतात. हैदराबाद, अहमदाबाद अशा शहरांत हा मोठा धंदा आहे. २०१७ मध्ये तेलंगणातील करीमनगर भागातून अशा चाचण्यांना गेलेल्या तरुणांच्या मृत्यूच्या व आजारपणाच्या बातम्या आल्या, तेव्हा बेरोजगार मुले एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात कशी फिरतात हे लोकांसमोर आले. दोन चाचण्यांमध्ये ठराविक काळ जाऊ द्यावा असा नियम. पण घरी चूल पेटायची असेल तर तरुण मागची चाचणी लपवतो. डोके दुखले, उलटी झाली, तर तेही लपवतो, कारण सांगितले की नाव कापले जाते आणि पैसे बुडतात. म्हणजे ज्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी हा सगळा डोलारा उभा केला, तेच दुष्परिणाम गरिबीच्या धाकाने वहीत येत नाहीत. गरजूंच्या लाचारीवर उभारलेली चाचणी अन्याय्य तर असतेच, पण ती *खोटीही* असते, आणि त्या खोटेपणाची किंमत उद्या औषध विकत घेणारा प्रत्येक रुग्ण मोजतो. विज्ञानाच्या नावाने आम्हांला दटावणाऱ्यांनी या मुद्द्याला कधी उत्तर दिलेले नाही.

ही परिस्थिती आकाशातून पडलेली नाही. २००५ पूर्वी परदेशी कंपनीला भारतात एखाद्या टप्प्याची चाचणी करायची तर परदेशात तिच्या पुढचा टप्पा पार पडलेला असावा लागे. भारतीय माणसावर पहिला धोका येऊ नये, एवढे तरी शहाणपण त्या नियमात होते. जानेवारी २००५ मध्ये औषध नियमावलीच्या ‘वाय’ परिशिष्टात बदल करून हे अंतर काढून टाकले आणि इतर देशांच्या बरोबरीनेच येथेही चाचण्या करण्याची मुभा दिली. त्याच वर्षी पेटंट कायदाही जागतिक व्यापार संघटनेच्या दंडकाप्रमाणे बदलला, हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही. आजवर उपचारच न मिळालेले, म्हणून शरीरात दुसरे औषध नसलेले, इंग्रजी न वाचणारे, आणि डॉक्टरला देव मानणारे रुग्ण : हे आपल्या दारिद्र्याचे वर्णन कंपन्यांच्या जाहिरातींत देशाचे ‘सामर्थ्य’ म्हणून मिरवू लागले.

फळ काय मिळाले? इंदूरच्या ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार २००५ ते २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ माणसे मेली. चाचणीत गंभीर आजारी रुग्णही असतात, त्यामुळे प्रत्येक मृत्यू औषधामुळेच झाला असे नव्हे. मान्य. पण औषधामुळे झालेले म्हणून धरले गेले ते फक्त ८०. हा निवाडा करताना विचारात घेतला जाणारा पहिला कागद त्याच डॉक्टरचा, ज्याला कंपनी प्रत्येक रुग्णामागे पैसे देते! ३० जानेवारी २०१३ पर्यंत तर नुकसानभरपाईचा बंधनकारक नियमच नव्हता. मध्य प्रदेशात मानसिक रुग्णांवरही चाचण्या झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा माहिती न देणाऱ्या डॉक्टरांना दंड झाला तो प्रत्येकी ५,००० रुपये. भोपाळमध्ये तर कमाल झाली. १९८४ च्या वायुकांडातील पीडितांसाठी उभारलेल्या रुग्णालयातच त्या पीडितांवर बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या औषधांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांतील काही रुग्ण दगावले. ज्यांच्या फुप्फुसांची राख एका अमेरिकी कंपनीने केली, त्यांच्याच देहावर दुसऱ्या कंपन्यांनी आपले प्रयोग पार पाडले.

औषध नियंत्रक काय करीत होता, असा प्रश्न साहजिक आहे. मे २०१२ मधील संसदीय समितीच्या ५९ व्या अहवालाने त्याचे उत्तर दिले : जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात ३१ नवी औषधे भारतीय रुग्णांवर चाचणी न करताच मंजूर झाली होती, आणि तज्ज्ञांची म्हणून दाखल झालेली काही मते शब्दशः इतकी सारखी होती की ती एकाच हाताने, कंपनीच्याच हाताने, लिहिली असावीत असा संशय समितीने व्यक्त केला. कंपन्या, नियंत्रकाचे काही अधिकारी व काही वैद्यकीय तज्ज्ञ यांच्या संगनमताचा पुरेसा पुरावा असल्याचे तिने नोंदवले. तेव्हा राज्यसंस्था तटस्थ पंच नसते हे सिद्ध करायला आपल्याला ग्रंथ उघडण्याची गरज नाही. संसदेचे अहवाल पुरेत.

महाराष्ट्रातील वाचकांना वाटेल की हे आंध्राचे आणि मध्य प्रदेशाचे दुखणे आहे. तसे नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीच दुसरी कहाणी आपल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत घडली. येथे लस नव्हती, लवकर तपासणी करून कर्करोग टाळता येतो का याची चाचणी होती. उस्मानाबादेत १,३१,७४६ स्त्रियांची चार गटांत विभागणी केली. तीन गटांची वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली आणि ३१,४८८ स्त्रियांच्या चौथ्या गटाची तपासणी करायचीच नाही असे ठरले. पैसा येथेही गेट्स प्रतिष्ठानाचा. २००९ मध्ये निकाल छापून आला : विषाणूची चाचणी केलेल्या गटात ३४ स्त्रिया या कर्करोगाने मेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. मुंबईत १९९८ पासून अमेरिकी सरकारच्या पैशातून सुमारे दीड लाख स्त्रियांवर अशीच चाचणी झाली, आणि अमेरिकेच्याच देखरेख कार्यालयाने तेथील संमतीच्या प्रक्रियेत स्त्रियांना पुरेशी माहिती दिली नव्हती असे म्हटले. तमिळनाडूतील अशीच चाचणी धरून तिन्ही ठिकाणी तपासणीविना ठेवलेल्या सुमारे १,३८,००० स्त्रियांपैकी २५४ या कर्करोगाने मृत्युमुखी पडल्या.

संशोधकांचा बचाव लक्षपूर्वक ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, भारतात तपासणीची सोय नव्हतीच. म्हणजे ‘काहीही न करणे’ हाच येथील प्रचलित उपचार होता. त्या स्त्रियांपासून आम्ही काहीही हिरावून घेतले नाही. तर्क वरवर निर्दोष आहे, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात हे श्रीमंत देशांना कित्येक दशकांपासून ठाऊक होते. न्यूयॉर्कमध्ये अशा चौथ्या गटाला कोणत्याही समितीने परवानगी दिली नसती. उस्मानाबादच्या शेतमजूर बाईला ती मिळाली, कारण तिच्या वाट्याला आधीच काही नव्हते. राज्याने आरोग्यसेवा नाकारायची, आणि त्या नकारालाच ‘प्रचलित उपचार’ हे नाव देऊन त्यावर संशोधन उभे करायचे! बरे, सिद्ध झाल्यावर तरी तपासणी सुरू झाली का? २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्यांचे प्रमाण फक्त १.९ टक्के होते. ज्ञान परदेशी नियतकालिकात गेले, बाई शेतात राहिली.

या प्रश्नात परकीय कंपनी दुष्ट आणि देशी कंपनी सुष्ट अशी सोयीस्कर विभागणी करणारेही आहेत. त्यांनी ३ जानेवारी २०२१ हा दिवस आठवावा. भारत बायोटेकची ‘कोव्हॅक्सिन’ त्या दिवशी मंजूर झाली, तेव्हा २५,८०० स्वयंसेवकांच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचा परिणामकारकतेचा एकही निष्कर्ष हाती नव्हता. ही मंजुरी ‘चाचणीच्या स्वरूपात’ असल्याचे सांगण्यात आले. म्हणजे लस टोचून घेणाऱ्या आरोग्यसेविकेकडून आणि सफाई कामगाराकडून संमतिपत्र भरून घ्यायचे, पण कोणती लस घ्यायची याची निवड मात्र तिला द्यायची नाही. ज्यांनी शंका काढली त्यांना देशद्रोही ठरवले गेले. पुढे मार्चमध्ये अंतरिम आकडे आले आणि नोव्हेंबरमध्ये ७७.८ टक्के परिणामकारकता छापून आली. लस चांगली निघाली, ठीक. पण दोरीवरून चालणारा पडला नाही म्हणून खाली जाळी नसणे योग्य ठरत नाही. आणि त्या चाचणीसाठी भोपाळमधील एका खाजगी रुग्णालयाने पुन्हा त्याच वायुपीडित वस्त्यांतून ७५० रुपये देऊन माणसे आणली. आपल्याला चाचणीत घेतले जात आहे हे कळलेच नाही, अशी त्यांतील अनेकांची तक्रार होती. रुग्णालयाने ती नाकारली. ही लस पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे जनतेच्या पैशाने, वेगळ्या केलेल्या विषाणूपासून तयार झाली होती, हेही जाता जाता नमूद केले पाहिजे. जोखीम जनतेची, विषाणू जनतेचा, नफा कंपनीचा.

दुसऱ्या टोकाला चाचणी हवीच कशाला म्हणणारे आहेत. २०२० मध्ये ‘कोरोनिल’ नावाची वडी करोनावरचे औषध म्हणून बाजारात आणली गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिच्या प्रचाराच्या मंचावर देशाचे आरोग्यमंत्री हजर होते. परंपरेच्या नावाने लोकांना फसवणे आणि विज्ञानाच्या नावाने लोकांना वापरणे, ही एकाच धंद्याची दोन दुकाने आहेत. आपला झगडा दोन्हींशी आहे.

याहून वेगळे काही असू शकते का? वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली, तेव्हा १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. सोव्हिएत संघात मिखाईल चुमाकोव्ह यांनी साबिन यांची तोंडाने द्यायची पोलिओ लस आपल्या घरच्या मुलांना आधी दिली, आणि १९५९ मध्ये एक कोटीहून अधिक लोकांना ती देऊन शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकी शास्त्रज्ञाचे काम सिद्धीस नेले. त्या लसीवर कोणाचे पेटंट नव्हते. अर्थात हाफकिन यांनी त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर चाचणी केली, आणि कैद्याची संमती ही संमती नव्हे हे आज आपण म्हटलेच पाहिजे. जुन्या काळाची आरती ओवाळण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा मालकीचा आहे. लस बनवणारी संस्था सार्वजनिक असेल तर चाचणीचे आकडे दडवण्यात तिचा नफा नसतो. आणि नेमक्या अशाच संस्था मोडीत काढल्या गेल्या : जानेवारी २००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील सरकारी लस-कारखान्यांचे परवाने एका फटक्यात निलंबित झाले. कारण दिले ते उत्पादनाच्या दर्जाचे; दुरुस्तीला पैसा मात्र दिला नव्हता. दोन वर्षांनी परवाने परत मिळाले, तोवर बाजार खाजगी हातात गेला होता.

लढ्यांनी काहीच मिळाले नाही असे मात्र कोणी समजू नये. १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पटनचेरू आरोग्य केंद्रात ‘नेट-एन’ या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी स्त्रियांना न सांगता चालल्याचे स्त्री शक्ती संघटनेने उघडकीस आणले, तेव्हापासून खम्ममपर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जे झगडे झाले, त्यांतूनच २०१३ चे भरपाईचे नियम आले, दुर्बल घटकांच्या संमतीचे चित्रमुद्रण आले आणि पुढे २०१९ चे ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम’ आले. त्यांत कंपन्यांनी आपलीही कलमे घुसवली : देशात शोधलेल्या औषधाच्या चाचणीच्या अर्जावर ३० कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरायचे, आणि ठराविक देशांत मंजूर झालेल्या काही औषधांना येथील चाचणीतून सूट, ज्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व युरोपीय संघ यांची नावे जाहीर झाली. नियंत्रकाचे मौन म्हणजे होकार! वसतिगृहातल्या मुलीच्या मौनाचाही असाच होकार केला होता.

भरपाईचे सूत्र कामगार चळवळीतील कॉम्रेडांनी मुद्दाम पाहावे. आठ लाख रुपये ही पायाभूत रक्कम. तिला वयाचा गुणक, जो सरळ कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कोष्टकातून उचलला आहे. आणि धोक्याचा गुणक, जो धडधाकट माणसाला चार, तर अतिशय गंभीर रुग्णाला अर्धा. म्हणजे चाचणीत जाणारे शरीर हे यंत्रावर काम करणारे शरीरच आहे, हे सरकारने नकळत कबूल केले आहे; पण ज्याला वेतन नाही, संघटना नाही आणि संपाचा हक्क नाही असे. आणि आजार जितका बळावलेला, तितकी किंमत कमी.

पक्षाच्या शाखांना येथे हाताशी काम आहे, आणि ते मुंबई-पुण्यापुरते नाही. इंदूर, हैदराबाद, अहमदाबाद, दिल्ली या शहरांतील मराठी कॉम्रेडांच्या दारातही ते आहे. चाचणी करणाऱ्या रुग्णालयाच्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य हवेत, त्यांतील निम्मे संस्थेबाहेरचे, एक तरी सामान्य नागरिक आणि एक तरी स्त्री. ही नावे मागा. सुरू असलेल्या प्रत्येक चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत असते आणि ती कोणालाही पाहता येते. आपल्या शहरातील चाचण्यांची यादी काढा. गंभीर इजा वा मृत्यू झाल्यास डॉक्टरने २४ तासांत कळवायचे असते, आणि भरपाईचा आदेश झाल्यावर कंपनीने ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. गडचिरोली, नंदुरबार, पालघर अशा जिल्ह्यांत आश्रमशाळांतील मुलांना काहीही नवे टोचण्यापूर्वी पालकसभा झाली का आणि ती त्यांच्या बोलीत झाली का, हे विचारा. संमतिपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत सहभागी व्यक्तीला देणे नियमानेच बंधनकारक आहे; ती प्रत घरात आहे की रुग्णालयाच्या कपाटात, या चौकशीपासून सुरुवात करता येईल.